खांदा ईश्वरदीनचा, पाय यशवंतरावांचा

जबलपूरच्या तोफगोळ्यांच्या कारखान्याच्या दवाखान्यात माझ्या खोलीवर 'फिजिओथेरपी' अशी पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. लोकांच्या लेखी ती सेंकाईवाली खोली आणि मी सेंकाईवाली बहनजी. सेंकाई म्हणजे शेक. त्यात माझं आडनाव वैद्य. त्यामुळे पहिल्या वर्षी बऱ्याच जणांनी माझ्याकडे जडीबूटीच मागितली. भट्टीवर काम केलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी तर नाडी बघायला हात पुढे केला.

मी म्हटलं, "बाबूजी, मैं नाड़ी नहीं, घुटना देखती हूँ."

ते म्हणाले, "घुटना तो हम खुद देख रहे हैं बिटिया, दो साल से. उसमें देखने का क्या है?"

त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. ताप थर्मामीटरमध्ये चढतो, जखमेतून रक्त येतं. कंबर, मान, गुडघा, खांदा यांचं दुखणं मात्र ज्याचं त्यालाच कळतं. बाकीच्यांना दिसतो तो फक्त कण्हणारा माणूस, आणि कण्हणाऱ्या माणसाचा लोकांना फार लवकर कंटाळा येतो. म्हणून माझ्याकडे येणारा माणूस कधीच सरळ माझ्याकडे आलेला नसे. आधी घरी मोहरीच्या तेलात लसूण जाळून मालिश. मग कमानिया गेटच्या मागे एक पहलवान बसत, ते उतरलेलं हाड चढवत, त्यांच्याकडे. तिथे जमलं नाही की कुणीतरी सांगे, कुंडमच्या जंगलात एक जण पाला बांधतो, मग बसनं तिकडे. मग आमच्या दवाखान्यात गोळ्या, मग एक्स-रे. एक्स-रेत काही निघालं नाही, की शेवटी मी. तोवर सांधा आखडलेला असायचा आणि माणूसही. पहिल्या दिवशी दारात उभं राहून बरेच जण आधी हेच सांगत, "बहनजी, मैं झूठ नहीं बोल रहा." मी अजून काही विचारलेलंही नसायचं.

बाहेरच्यांना आमचा धंदा गूढ वाटतो. गूढ काही नाही. सांधा किती हलतो ते कोनमापकानं मोजायचं. शाळेच्या कंपासपेटीत असतं तसंच, फक्त लांब दोन हातांचं. मग शेक द्यायचा, दिव्याचा, यंत्राचा नाहीतर वितळलेल्या मेणाचा. सांधा ऊबदार झाला की हळूहळू हलवायचा आणि घरी करायचे व्यायाम शिकवायचे. दुखेल इतकं हलवायचं, रडेल इतकं नाही. एवढी एक रेघ ओळखता आली की निम्मं काम आलं. ते मी मुंबईला मावशीकडे राहून शिकले होते आणि चौसष्ट साली जबलपूरला परत येऊन नोकरीला लागले. आमचं घर तीन पिढ्यांपासून इथलंच. बाबा केंद्र सरकारच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मुलगी दिवसभर परक्या पुरुषांचे हातपाय धरते, हे आईला शेवटपर्यंत नीटसं रुचलं नाही. शेजारणींना ती सांगे, "मशिनीवर काम करते."

पासष्टची लढाई सुरू झाली तेव्हा मी नवखी होते. एका आठवड्यात माझी खोली रिकामी पडली. मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलंही, बघा, सगळे बरे झाले. ते हसले. कँटीनच्या रेडिओवरच्या बातम्या ऐकून माणसं पुन्हा मशिनीकडे धावत होती. ज्याला खुर्चीतून उठवत नव्हतं तो बारा-बारा तास उभा होता. लढाई थांबली आणि पुढच्याच सोमवारी माझ्या दारापासून व्हरांड्याच्या टोकापर्यंत रांग लागली. लढाईत कुणाचं काही दुखत नाही. दुखणं नुसतं थांबून राहतं आणि नंतर दुप्पट होऊन येतं. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि म्हणूनच एकाहत्तर साली जे झालं त्याला माझ्याकडे सबब नाही.

त्या साली दसऱ्याच्या सुमाराला ईश्वरदीन आला. जबलपूरजवळच्या पाटनचा, चाळिशीचा, सडपातळ, भरघोस मिशांचा. तोफगोळ्याचे पोकळ लोखंडी देह लेथवर घासून नीट करायच्या विभागात तो होता. त्यात दारू भरली जाई ती दुसरीकडे, आमच्याकडे गोळा रिकामाच असे. पण रिकामा असला तरी एकेक गोळा चार-पाच वर्षांच्या मुलाएवढा जड. तो ढकलगाडीवरून उचलायचा, छातीएवढ्या उंचीवर लेथमध्ये बसवायचा, झाला की उतरवायचा. ओव्हरटाइम धरून दिवसाला किती गोळे ते त्यानं सांगितलं होतं. मी मोजायचं सोडून दिलं.

"कमीज उतारिए," मी म्हटलं.

तो तसाच उभा. मग कळलं, त्याला शर्ट काढताच येत नव्हता आणि एका बाईनं तो काढावा हे त्याला सोसत नव्हतं. अशा वेळी आम्ही एक युक्ती सांगतो. दुखरा हात बाहीत आधी घालायचा आणि शेवटी काढायचा. मी भिंतीकडे तोंड करून सांगत राहिले आणि त्यानं एकट्यानं शर्ट काढला. बराच वेळ लागला. मी वळले तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता, पण चेहऱ्यावर थोडी शान होती.

"किस-किस को दिखाया?"

"पहलवान को दिखाया था, बहनजी. उन्होंने हाथ लगाया, आँख मूँदी, बोले, ये उतरा नहीं है भैया, ये जम गया है. झटका दूँगा तो टूटेगा. अस्पताल जा."

पहलवानांबद्दल आम्ही शिकलेले लोक दवाखान्यात थट्टेनं बोलत असू. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. खांद्याच्या सांध्याभोवती एक पिशवीसारखं आवरण असतं. ते सुजून आखडतं आणि मग सांधा कुलूप लावल्यासारखा होतो. याचं कारण कधी सापडतं, कधी नाही. वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचं सुटतंही. पण तोवर जड उचलणं म्हणजे आगीत तेल. हाड शाबूत असल्यामुळे एक्स-रेत यातलं काही दिसत नाही.

मग खरं-खोटं कसं कळायचं? त्याची एक साधी रीत आहे. ढोंग करणारा माणूस हात वर न्यायला नाही म्हणतो, कारण खांदा दुखणं म्हणजे हात वर न जाणं एवढंच त्याला ठाऊक असतं. म्हणून वर न्यायला सांगायचंच नाही. कोपर कुशीला टेकवायचं, हात पुढे काटकोनात धरायचा आणि दार उघडावं तसा बाहेरच्या बाजूला फिरवायचा. खांदा आखडला असेल तर पहिल्यांदा हीच हालचाल जाते, आणि ढोंग्याला ते माहीत नसतं. चांगला हात साठ अंशांपर्यंत सहज उघडतो. ईश्वरदीनचा दहावर अडला. भिंतीला टेकावा तसा अडला. तिथे माणसाच्या मनाचा काही संबंध नव्हता. माझ्या स्वतःच्या वहीत मी लिहिलं : उजवा खांदा, बाहेर दहा, वर सत्तर, जड उचलू नये.

तीन आठवडे तो रोज आला. शिफ्ट संपल्यावर, काळ्या तेलाचे हात धुऊन. शेक घ्यायचा, भिंतीवरच्या पुलीची दोरी धरून चांगल्या हातानं दुखरा हात ओढायचा. दहाचे पंधरा झाले. पण मी संध्याकाळी मिळवायची ते तो दुसऱ्या दिवशी घालवायचा. त्याला हलकं काम मिळायला हवं होतं, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी.

मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते. हे मी आज मुद्दाम लिहिते आहे. त्यांचा धाकटा भाऊ सैन्यात होता आणि सीमेवर हालचाली सुरू झाल्यापासून त्यांचा चेहरा उतरलेला असे. टेबलावर हलक्या कामाच्या अर्जांचा गठ्ठा होता.

"मिस वैद्य, एक्स-रे साफ है," ते म्हणाले. "ऊपर से आदेश है. एक्स-रे में कुछ न हो तो लाइट ड्यूटी नहीं."

"सर, ये चीज़ एक्स-रे में आती ही नहीं."

"मुझे मालूम है. मगर एक को दूँगा तो बाकी सबको क्या जवाब दूँगा? और गोले कौन बनाएगा?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. उपचारानंतरची स्थिती, असा रकाना होता. "लिखिए, सुधार है, काम के योग्य."

मी लिहिलं. खाली सही केली. दहाचे पंधरा झाले होते, म्हणजे सुधारणा होतीच, असं मी मनाला सांगितलं.

दोन दिवसांनी त्याची बायको आली, सुखरानी. डोक्यावर पदर, हातात रिकामा डबा. तिनं बसायला नकार दिला.

"बहनजी, कुर्ता मैं पहनाती हूँ. नाड़ा मैं बाँधती हूँ. कंघी तक मैं करती हूँ. इनसे गोला मत उठवाओ."

"डॉक्टर साहब के हाथ में है," मी म्हटलं.

"हाथ तो आपने देखा था," ती म्हणाली आणि गेली.

ईश्वरदीनच्या शेजारच्या लेथवर यशवंतराव होते. आमच्यासारखेच मराठी, नागपूरकडून आलेलं कुटुंब, जाड आवाजाचे, कामाला वाघ. ईश्वरदीनचा हात छातीच्या वर जात नाही हे त्यांना दिसत होतं, म्हणून दोन महिने ते स्वतःचं काम थांबवून त्याचा गोळा वर चढवायला हात लावत. हे मला नंतर कळलं. आणि हेही कळलं, की 'काम के योग्य' असा कागद विभागात पोचल्यावर त्यांनी मदत थांबवली. त्यांना वाटलं, आपल्याला बनवलं. दवाखाना म्हणतो फिट आहे, मग हा आपल्या जिवावर आराम करत होता.

डिसेंबरात लढाई पेटली. खिडक्यांना काळे कागद लागले, कारखाना चोवीस तास घरघरत होता. पहिला आठवडाही संपला नव्हता. भर दुपारी ईश्वरदीननं एक गोळा छातीपर्यंत नेला आणि तिथे त्याचा खांदा अडला. पकड सुटली. गोळा लेथच्या कडेवर आपटून बाजूला उडाला तो यशवंतरावांच्या डाव्या पायावर. पायात कापडी बूट होते. दोन बोटं काढावी लागली, पावलाची हाडं मोडली.

मी दवाखान्यात होते. स्ट्रेचर माझ्या दारावरून गेलं. मागून ईश्वरदीन धावत येत होता, उजवा हात पोटाशी धरून, डाव्या हातात यशवंतरावांचा एक बूट. तो बूट कशाला आणला होता, त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

लढाई संपली. कँटीनमध्ये लाडू वाटले. जानेवारीत चौकशी बसली. ईश्वरदीनवर आरोप होता निष्काळजीपणाचा, आणि दुखण्याचं सोंग करून काम टाळण्याच्या जुन्या सवयीचा. त्याला निलंबित केलं होतं, नोकरी जाणार असंच सगळे बोलत होते. माझ्या सहीचा कागद त्याच्याविरुद्धचा मुख्य पुरावा होता. मला साक्षीला कुणी बोलावलं नव्हतं. कागद होता, मग बाईचं काय काम?

घरी मला जेवण जाईना. आई म्हणाली, "काहून नाही जेवून राहिलीस? बरं नाही का?" मी दोघांना सगळं सांगितलं. बाबा सुपारी कातरायला बसले. मग म्हणाले, "सरकारात जे लिहिलं ते झालं. नाही लिहिलं ते झालंच नाही. तू फिट लिहिलंस ना? मग आता तो फिट होता. तू आता उलटं सांगशील तर तुझी सही खोटी ठरते. मग नोकरीत राहून करशील काय?" ते मला वाचवत होते. आणि मला वाचायचं होतं. म्हणून मी गप्प बसले.

यशवंतरावांचं प्लास्टर निघालं आणि ते माझ्याकडे चालायला शिकायला आले. दोन समांतर दांड्यांच्या मधे उभे राहायचे, दांडे धरून वजन डाव्या पायावर टाकायचं. बोटं गेली की पाऊल उचलण्याआधीचा शेवटचा रेटा नाहीसा होतो. तो पावलाच्या उरलेल्या भागाकडून करून घ्यावा लागतो. मी खाली स्टुलावर बसून त्यांचं पाऊल हातात धरायची आणि ते वरून ईश्वरदीनला शिव्या घालायचे.

"मी त्याचे गोळे उचलून राहिलो होतो ताई, दोन महिने. आणि हा साला नाटक करून राहिला होता. दवाखान्यानं लिहून दिलं फिट आहे म्हणून! खरंच दुखत होतं तर तुम्ही फिट काहून लिहिलं असतं?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता. ते नुसतं बोलत होते. त्यांचं पाऊल माझ्या दोन्ही तळव्यांत होतं, शिवणीची लाल रेघ माझ्या अंगठ्याखाली होती. मला ते सांगणं आता पुढे ढकलता येईना.

"भाऊ," मी म्हटलं, "त्याला खरंच दुखत होतं. मी मोजलं होतं. तो सोंग करत नव्हता. मला माहीत होतं आणि तरी मी फिट लिहिलं."

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी पाऊल माझ्या हातातून ओढून घेतलं. त्यांना दुखलं असणार. कुबड्या घेतल्या आणि निघून गेले. व्हरांड्यातून जाणाऱ्या कुबड्यांचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकला.

तीन दिवस ते आले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळीच आले. बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

"ताई, मला सांगून काय फायदा? माझं जायचं ते गेलं. जिथं सांगायचं तिथं सांगा ना. परवा त्याची शेवटची तारीख आहे."

"मला बोलावलं नाही, भाऊ."

"मला बोलावलं आहे," ते म्हणाले. "मी तुमचं नाव घेईन. मग बोलावतील. आता बोला, येता का नाही?"

मी हो म्हटलं. आधीच जायला हवं होतं. गेले ते पायाची बोटं गमावलेल्या माणसानं बोट धरून नेलं म्हणून.

चौकशीच्या खोलीत तीन अधिकारी होते, बाजूला मोठे डॉक्टर आणि भिंतीशी उभा ईश्वरदीन. त्यानं कुणाकडेच बघितलं नाही. मी माझी वही उघडून वाचली : तारीख, दहा, सत्तर, जड उचलू नये. पुढच्या तारखा, बारा, बारा, पंधरा. मग म्हटलं, सरकारी कागदावर मी जे लिहिलं ते या वहीशी जुळत नाही. वही खरी आहे.

"आपने झूठा प्रमाणपत्र दिया, यह आप मान रही हैं?" मधल्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

"जी."

"किसके कहने पर?"

मी डॉक्टरांकडे बघितलं नाही. "सही मेरी है," मी म्हटलं.

ते मागे रेलले. "और यह कॉपी बाद में भी तो लिखी जा सकती है. दर्द का नाटक तो कोई भी कर सकता है. आप कैसे कह सकती हैं?"

हा प्रश्न माझ्या धंद्याचा होता. तिथे माझी भीती गेली. मी म्हटलं, "सर, ज़रा कोहनी बग़ल से लगाइए." ते बुचकळ्यात पडले, पण त्यांनी कोपर कुशीला लावलं. मी त्यांचा हात बाहेर फिरवला, सहज उघडला. मग ईश्वरदीनला पुढे बोलावलं, त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि तेच केलं. हात वीस अंशांवर अडला. मी अधिकाऱ्यांना म्हटलं, तुम्ही स्वतः फिरवून बघा. ते उठले. त्यांनी हळूच रेटून बघितलं आणि लगेच हात सोडला. ज्यानं आयुष्यात एकदा कुलूप लागलेलं दार ढकललं आहे, त्याला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तेवढ्यात मोठे डॉक्टर उठून उभे राहिले. "काग़ज़ पर यह लिखने को मैंने कहा था," ते म्हणाले. "मिस वैद्य ने मना किया था." मी मना केलं नव्हतं. एकदा बोलून गप्प बसले होते. पण त्यांनी तसं सांगितलं.

यशवंतरावांची साक्ष शेवटी झाली. त्यांना विचारलं, चूक कुणाची? ते म्हणाले, "साहब, गोला भारी था, आदमी बीमार था, और मैंने हाथ लगाना बंद कर दिया था. अब आप लोग देख लो."

ईश्वरदीनची नोकरी राहिली. त्याला गोळ्यांची मापं तपासायच्या टेबलावर बसवलं, बसून करायचं काम. मला लेखी ताकीद मिळाली आणि पुढची बढती माझ्यानंतर आलेल्याला मिळाली. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "चलो, आता हेही लिहिलेलं आहे." त्यांच्या तोंडून आलेली ती शाबासकीच होती, असं मी धरून चालते. मोठे डॉक्टर त्या दिवसाबद्दल माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. पण त्यानंतर हलक्या कामाचा अर्ज आला की ते स्वतः माझ्या खोलीपर्यंत चालत येत आणि विचारत, "कितने डिग्री?"

फाल्गुनात दोघेही माझ्या खोलीत असायचे, एकाच वेळेला. यशवंतराव दांड्यांमध्ये, ईश्वरदीन पुलीवर, मधे माझं टेबल. कितीतरी दिवस दोघं बोलले नाहीत. ईश्वरदीन आत येताना मान खाली घालून यायचा आणि पुलीकडे तोंड करून उभा राहायचा. एका सकाळी मी मेणाचं भांडं बघत होते, तेव्हा मागून यशवंतरावांचा जाड आवाज आला.

"अबे, ऊपर क्या खींच रहा है? पहले बाहर घुमा, बाहर! दीदी ने क्या सिखाया था?"

ईश्वरदीनचा हात दोरीवर थांबला. "जी भैया," तो म्हणाला आणि हात बाहेर फिरवू लागला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. पुली बराच वेळ किरकिरत राहिली.

त्याचा खांदा सुटायला पुढची दिवाळी उजाडली. एक दिवस तो शेक घ्यायला नाही, नुसताच आला. दोन्ही हात डोक्यावर नेऊन केसांवरून कंगवा फिरवून दाखवला आणि लाजून निघून गेला. त्यानंतर सुखरानीनं पाटनहून मटार पाठवले, पोतंभर. स्वतः ती आली नाही. तिच्याशी मला बोलायचं होतं, ते राहूनच गेलं.

यशवंतराव कायमचे लंगडले. मी जमेल तेवढं केलं, पण गेलेली बोटं कुठल्याही व्यायामानं येत नाहीत. ते लेथवर परत गेले, तिथूनच निवृत्त झाले. माझ्या खोलीत त्यानंतर पुष्कळ माणसं आली. कुणी दारात उभं राहून "झूठ नहीं बोल रहा" म्हणू लागलं, की मी आधी त्याला बसायला खुर्ची देत असे, मग नाव विचारत असे. एवढाच बदल मला माझ्यात करता आला.

मी निवृत्त झाले त्या वर्षी यशवंतरावांच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. त्यांनी घरी येऊन पत्रिका दिली. लग्नात पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणाले, "या ताईंनी मला चालायला शिकवलं." पुढचं काही बोलले नाहीत. पंगती उठल्यावर आम्ही दोघं मांडवाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलो होतो. तेव्हा मी इतकी वर्षं न विचारलेलं विचारून टाकलं.

"भाऊ, मला माफ केलंत का कधी?"

त्यांनी डावा पाय लांब केला, चोळला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"माफी-बिफी मला नाही समजत ताई," ते म्हणाले. "थंडीत पाय ठणकते, तेव्हा तुमचा राग येते. खूप येते. बाकी वर्षभर नाही येत."

जबलपूरची थंडी अडीच-तीन महिन्यांची. तेवढा राग मला मान्य आहे.